खेळाच्या बळावर अमेरिकेतल्या कॉलेजात: अर्ज कधी, कुणाकडे आणि कसा करायचा

अमेरिकन कोचने "तू आमच्या टीममध्ये हवीस" असं लिहिलं की घरात अ‍ॅडमिशन झाल्यासारखंच वाटतं. आमच्या घरात तसंच झालं. लेक नुकतीच बारावीत गेली होती, पोहण्यात राज्य पातळीवरची पदकं होती, आणि जुलैतल्या एका सकाळी तो मेल आला. दुपारपर्यंत मी अर्ध्या नातेवाइकांना फोन केले होते. तीन आठवड्यांनी त्याच कोचचा दुसरा मेल आला: अ‍ॅडमिशन ऑफिसने मार्कशीट पाहिल्या, जमणार नाही. कोच खोटं बोलला नव्हता. त्याच्या हातात जेवढं होतं तेवढ्याचा होकार त्याने दिला होता. आम्ही तो सगळ्या कॉलेजचा होकार धरून बसलो.

या सगळ्या प्रक्रियेत चार वेगवेगळे होकार लागतात. कोचचा होकार म्हणजे टीममध्ये जागा. अ‍ॅडमिशन ऑफिसचा होकार म्हणजे कॉलेजात प्रवेश. कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या पात्रता केंद्राचा होकार म्हणजे खेळायची परवानगी. आणि फायनान्शियल एड ऑफिसचा होकार म्हणजे पैसे. चारही माणसं वेगळ्या इमारतींत बसतात, वेगळे कागद मागतात आणि वेगळ्या महिन्यांत उत्तर देतात. प्रत्येक मेल वाचताना स्वतःला विचारा: हा होकार नक्की कुणाचा आहे? खालच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती फिरतात.

पहिली पायरी: तुमचा खेळ तिथे खेळला जातो का?

हे विचारायचंच राहून जातं, आणि मग दोन वर्षं फुकट जातात. एनसीएए ही अमेरिकन कॉलेज खेळांची सर्वांत मोठी संघटना, १९०६ पासूनची. तिच्या यादीत कबड्डी, खो-खो, क्रिकेट, बॅडमिंटन, तिरंदाजी आणि बॉक्सिंग नाहीत. टेबल टेनिस कॉलेजांत खेळतात, पण ते एनसीएएच्या बाहेर. हॉकी आहे ती फक्त मुलींसाठी. नेमबाजीत रायफल आहे, पिस्तूल नाही. मुलांचं जिम्नॅस्टिक्स आता बोटांवर मोजण्याइतक्या कॉलेजांत उरलं आहे.

कुस्तीचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे तालमीत वाढलेली मुलं खूप आहेत. मुलांची कॉलेज कुस्ती 'फोकस्टाइल' असते. प्रतिस्पर्ध्याला मॅटवर किती वेळ ताब्यात ठेवलं याचा तिथे गुण मिळतो, आणि फ्रीस्टाइलमध्ये वाढलेल्या मुलाला ती सवय नव्याने लावावी लागते. मुलींची कॉलेज कुस्ती मात्र फ्रीस्टाइलच्याच नियमांनी होते, आणि २०२६ पासून तिला एनसीएएच्या अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला आहे. नवीन टीम उभ्या राहत आहेत. आपल्या मुलींनी हे दार जरूर ठोठावावं.

टेनिस, पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, गोल्फ, तलवारबाजी आणि स्क्वॉश या खेळांत भारतीय मुलांची वाट बरीच मळलेली आहे. स्क्वॉशची स्वतंत्र संघटना आहे, पण कोच आणि अ‍ॅडमिशनचा खेळ तोच. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि २००७ व २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचा एकेरीचा विजेता ठरला. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ मध्ये विजेतेपद मिळवलं. आपल्या ऋतुजा भोसलेने टेक्सस ए अँड एममधून कॉलेज टेनिस खेळलं आणि पुढे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला.

तुमचा खेळ यादीत नसेल तर कोचची वाट बंद, पण खेळ वाया गेला असं नाही. राष्ट्रीय पातळीची खो-खो खेळाडू नेहमीच्या अर्जात ती गोष्ट ठसठशीत मांडू शकते. फक्त तिला टीमकडून मदत मिळणार नाही, एवढं समजून चाला.

दुसरी पायरी: कोणत्या पातळीवर बघायचं?

एनसीएएचे तीन विभाग आहेत. डिव्हिजन १ मध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं, डिव्हिजन २ मध्ये सुमारे तीनशे, डिव्हिजन ३ मध्ये चारशेच्या वर. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे, आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए आहे. या दोन्हींतही खेळाची स्कॉलरशिप मिळू शकते आणि तिथून पुढे मोठ्या कॉलेजात बदली घेणारे पुष्कळ असतात.

सर्वांत जास्त गैरसमज डिव्हिजन ३ बद्दल आहे. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, म्हणून आपल्याकडचे पालक ती पानं उलटूनही बघत नाहीत. पण एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, बोडन ही कॉलेजं डिव्हिजन ३ मध्ये आहेत. आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आयव्ही लीगची आठही विद्यापीठं डिव्हिजन १ मध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. तिथे पैसे मिळतात ते घरच्या उत्पन्नाकडे बघून. मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबासाठी ही मदत कित्येकदा डिव्हिजन १ मधल्या अर्ध्या स्कॉलरशिपपेक्षा मोठी निघते. ती कशी मागायची ते पुढे येतंच.

पातळी ठरवायची ती आपल्या कोचच्या अंदाजावर नाही, आकड्यांवर. कॉलेजच्या टीमची वेबसाइट उघडा, तिथे रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, आणि निकाल असतात. मग ती टीम ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, खेळते त्या कॉन्फरन्सच्या गेल्या वर्षीच्या अजिंक्यपदाचा निकाल काढा आणि तुमची वेळ, उडी किंवा फेक त्यात कितव्या क्रमांकावर बसते ते बघा. फायनलमध्ये बसत असेल तर कोच मेल वाचेल. टीममधल्या सर्वांत मागच्या खेळाडूच्याही मागे असाल, तर ते कॉलेज नेहमीच्या अर्जासाठी ठेवा.

पोहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अमेरिकन कॉलेजांच्या शर्यती बहुतेक २५ यार्डांच्या तलावात होतात. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. आपल्या वेळा ५० मीटर तलावातल्या असतात. अंतर कमी आणि वळणं दुपटीहून जास्त, त्यामुळे तिथल्या वेळा ऐकून आपली मुलं हबकतात. रूपांतर करून मगच तुलना करा. टेनिसमध्ये यूटीआर हा खेळाडूची पातळी सांगणारा आकडा सगळे बघतात, अ‍ॅथलेटिक्समध्ये मीटरच चालतात, पण वाऱ्याचा वेग आणि अधिकृत निकालाची लिंक लागते.

आमची यादी पहिल्यांदा बारा कॉलेजांची होती, सगळी नाव ऐकलेली. ती चूक होती. शेवटी चाळीसच्या वर कॉलेजांना मेल गेले, त्यातल्या निम्म्याहून जास्त नावांची आम्हाला आधी ओळखही नव्हती.

तिसरी पायरी: नववीपासूनचे कागद

हे काम कंटाळवाणं आहे आणि सर्वांत जास्त अडतं ते इथेच. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. त्यामुळे कॉलेज आणि एनसीएए दोघांनाही चारही वर्षांचे गुण लागतात. आपल्याकडे नववीची मार्कशीट दहावीचा निकाल लागला की कुणी जपून ठेवत नाही. जपून ठेवा. शाळा सोडण्याआधीच नववी-दहावीचे सही-शिक्क्याचे ट्रान्सक्रिप्ट इंग्रजीत करून घ्या, तीन-चार प्रती. मूळ कागद मराठीत असेल तर मूळ आणि त्याचं ओळीस ओळ इंग्रजी भाषांतर असं दोन्ही द्यावं लागतं.

एनसीएए डिव्हिजन १ साठी इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र अशा मूळ विषयांचे गुण धरते, जोडीला आणखी भाषा किंवा तत्त्वज्ञानासारखे विषय. अमेरिकन हिशोबात हे १६ विषय होतात आणि त्यांची सरासरी, ४ पैकी, डिव्हिजन १ साठी किमान २.३ व डिव्हिजन २ साठी २.२ लागते. भारतीय मंडळांच्या गुणांचं रूपांतर पात्रता केंद्र स्वतः करतं, तुम्ही काही बदलून लिहायचं नाही. आपली अडचण वेगळीच आहे. शास्त्र शाखेच्या अकरावी-बारावीत इतिहास-भूगोल नसतो आणि वाणिज्य शाखेत विज्ञान नसतं. ती भर नववी-दहावीच्या मार्कशीटवरूनच निघते. म्हणून पुन्हा सांगते, नववीचा कागद जपा.

अकरावीकडेही दुर्लक्ष नको. "अकरावी काय, पास झालं की झालं" हे आपल्याकडे ठरून गेलेलं आहे, त्यातून स्पर्धांमुळे हजेरी कमी. पण कोच जेव्हा तुमची फाइल अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवतो, तेव्हा तिच्यातलं सर्वांत ताजं वर्ष अकरावीचंच असतं. आमचा पहिला नकार त्या एका मार्कशीटने आणला.

आणि नाव. मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम वेगळा. स्पर्धेच्या निकालपत्रात तिसराच. तिकडच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं दिसतात. एकच रूप ठरवा, पासपोर्टवरचं, आणि नववीपासून प्रत्येक स्पर्धेच्या नोंदणीत तेच लिहा. आम्हाला हे उशिरा सुचलं. मग शाळेकडून आणि ज्युनिअर कॉलेजकडून "ही एकच विद्यार्थिनी आहे" अशी पत्रं आणायला दोन खेटे पडले.

चौथी पायरी: कोचला मेल

मेल मुलाने किंवा मुलीने लिहायचा. हे मी कळकळीने सांगते, कारण पहिले अकरा मेल मी लेकीच्या नावाने लिहिले होते. भाषा छान होती, व्याकरण चोख. एका कोचने व्हिडिओ कॉलवर तिला त्यातल्याच एका वाक्याबद्दल विचारलं आणि तिला उत्तर देता येईना. तो कॉल दहा मिनिटांत संपला. त्यानंतर तिने स्वतः लिहिलेले मेल साधे होते, दोन-तीन चुकाही होत्या, पण उत्तरं त्यांनाच जास्त आली. कोचला चार वर्षं त्या मुलीबरोबर काढायची असतात, आईबरोबर नाही.

मेल इंग्रजीतच जाणार. विषयाच्या ओळीतच कोणत्या वर्षी कॉलेज सुरू करणार, खेळातला प्रकार, सर्वोत्तम कामगिरी आणि देश. आतला मजकूर साधारण असा (त्यातली सॅट म्हणजे अमेरिकन कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा):

"कोच (आडनाव), मी भारतात अकरावी शास्त्र शाखेत शिकते आणि बारावीनंतरच्या ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू करणार आहे. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक १:१६.८, २०० मीटर २:४६.३, दोन्ही ५० मीटर तलावात, यंदाच्या राज्य स्पर्धेत. निकालाची लिंक आणि यार्डांतली रूपांतरित वेळ खाली दिली आहे. गेल्या वर्षी माझी २०० ची वेळ २:५१ होती. तुमच्या रोस्टरवर ब्रेस्टस्ट्रोकच्या दोन मुली शेवटच्या वर्षाला दिसतात. मला जीवशास्त्र शिकायचं आहे. दहावीत ९१ टक्के, सॅटची परीक्षा ऑक्टोबरमध्ये देणार आहे. माझ्या वर्षासाठी ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तुम्हाला जागा आहे का?"

एवढंच. यात गेल्या वर्षीची वेळ मुद्दाम घातली आहे, कारण कोच आजच्या आकड्याइतकाच वाढीचा वेग बघतो. रोस्टरचं वाक्य सांगतं की हा मेल शंभर जणांना एकदम पाठवलेला नाही. आणि शेवटी एकच प्रश्न, ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल. बालपणीपासूनची पदकांची यादी, आवडतं सुविचाराचं वाक्य, कुटुंबाचा फोटो, यातलं काही नको.

व्हिडिओ तीन ते पाच मिनिटांचा पुरतो. टेनिसमध्ये बेसलाइनच्या मागून घेतलेले, न कापलेले पॉइंट हवेत, हरलेलेसुद्धा. कुस्तीत पूर्ण लढत. पोहण्यात स्टार्ट, टर्न आणि पाण्याखालचा भाग बाजूने दिसला पाहिजे. पार्श्वसंगीत नको.

आता वेळेचं. डिव्हिजन १ च्या बहुतेक खेळांत दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोच तुमच्याशी रिक्रूटिंगबद्दल मेल, मेसेज किंवा फोनवर बोलू शकत नाही. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या काही खेळांच्या तारखा वेगळ्या आहेत. तुम्ही लिहू शकता, तो फार तर प्रश्नावलीची लिंक किंवा कॅम्पची माहिती धाडेल. नववीतल्या मुलाला उत्तर आलं नाही तर तो नकार नसतो, नियम असतो. डिव्हिजन ३ चे कोच केव्हाही उत्तर देऊ शकतात. उत्तर न आल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लिहा, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवीन घेऊन: नवी वेळ, सॅटचा स्कोअर, स्पर्धेची तारीख.

प्रश्नावलीची लिंक आली म्हणजे निवड होत आली असं नाही, ती शेकडो जणांना जाते. पैसे भरून बोलावणारा उन्हाळी कॅम्पसुद्धा बऱ्याचदा नुसता कॅम्पच असतो. कोच स्वतः वेळ काढून बोलतो, तुमचे निकाल त्याला माहीत असतात, मार्कशीट मागतो, तेव्हा गोष्ट पुढे सरकली समजा.

एजंटांबद्दल एकच सांगते. मदतीसाठी ठरावीक फी देणं वेगळं. पण "जेवढी स्कॉलरशिप मिळवून देऊ तिचे इतके टक्के" असा करार कुणी पुढे केला तर सही करू नका. त्याने मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येते.

पाचवी पायरी: कॉल, आणि विचारायचे प्रश्न

कॉलवर आपली मुलं गप्प बसतात. मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो. तिकडे उलट आहे, प्रश्न नसले तर रस नाही असं समजतात. लेकीने वहीत चार प्रश्न लिहून ठेवले होते: माझ्या वर्षात किती जणी घेणार? तुमच्या यादीत मी कुठे आहे? लॅबचे तास आणि सराव एकाच वेळी आले तर काय करता? दुखापत झाली तर जागा आणि स्कॉलरशिप राहते का? दुसऱ्या प्रश्नाला जो कोच सरळ उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवावा, उत्तर कडू असलं तरी. आणि कोच नसताना टीममधल्या दोन-तीन मुलींशी बोलायला नक्की मागा.

डिव्हिजन १ मध्ये एक प्रश्न अलीकडे वाढला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या एका मोठ्या समझोत्यानंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा गेली आणि टीममधल्या एकूण खेळाडूंची मर्यादा आली. कोच वाटल्यास सगळ्यांना पैसे देऊ शकतो, पण जास्तीची माणसं ठेवू शकत नाही. पूर्वी 'वॉक-ऑन' म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, टीममध्ये शिरता यायचं, ती फट अरुंद झाली. म्हणून विचारा: तुमचं कॉलेज त्यात आहे का, आणि माझी जागा त्या संख्येत धरली आहे का?

तोंडी कबुली दोन्ही बाजूंना बांधून ठेवत नाही. जुनं 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' २०२४ मध्ये बंद झालं. आता कागद म्हणजे कॉलेजचा आर्थिक मदतीचा लेखी करार. तो हातात येईपर्यंत दुसऱ्या कोचशी बोलणं थांबवू नका, आणि कुणी विचारलं तर तसं खरं सांगा.

सहावी पायरी: प्री-रीड आणि अर्ज

अभ्यासाला कडक असलेल्या कॉलेजांत, विशेषतः आयव्ही आणि चांगल्या डिव्हिजन ३ मध्ये, बारावी सुरू होण्याच्या सुमारास, साधारण १ जुलैपासून, कोच तुमच्या नववी ते अकरावीच्या मार्कशीट, बारावीचे विषय आणि सॅटचा स्कोअर अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवतो. याला प्री-रीड म्हणतात. आमचा पहिला होकार इथेच मावळला, आणि खरं तर ते बरं झालं. डिसेंबरपेक्षा जुलैत कळलेलं चांगलं.

प्री-रीड चांगला आला तरी तो प्रवेश नव्हे. आता कोचला नेमकं विचारा: "अ‍ॅडमिशन ऑफिसला तुम्ही जी नावं देता, त्या यादीत माझं नाव असेल का?" "मी तुझ्या पाठीशी आहे" हे उत्तर पुरेसं नाही. आयव्हीमध्ये १ ऑक्टोबरपासून 'लाइकली लेटर', म्हणजे प्रवेश मिळण्याची दाट शक्यता कळवणारं पत्र, येऊ शकतं, आणि तो कागद अ‍ॅडमिशन ऑफिसचा असतो. त्यावर भरवसा ठेवता येतो.

एनसीएएने २०२३ मध्ये सॅट किंवा तिच्यासारख्याच एसीटी परीक्षेची अट काढून टाकली. म्हणून कोणी म्हणेल परीक्षा नको. पण कॉलेजची अट वेगळी असते. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी ती पुन्हा लागू केली आहे. अकरावीतच परीक्षा द्या, प्री-रीडला तीच कामाला येते.

अर्ज बहुधा कॉमन अ‍ॅपवरून जातो, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या एकाच ऑनलाइन अर्जावरून. ते दर १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी उघडतं. निबंध ६५० शब्दांपर्यंत, उपक्रमांच्या दहा जागा आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. निबंध पदकावर लिहू नका, पदक इतरत्र दिसतंच. लेकीने तलाव दुरुस्तीला बंद होता त्या पाच महिन्यांवर लिहिलं, पोहता येत नसताना दिवस कसा भरला यावर.

कोच बहुतेक वेळा 'अर्ली डिसिजन'ने अर्ज करायला सांगतो. मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. हा अर्ज बांधून ठेवतो: निवड झाली तर जायचंच. म्हणून एकाच कॉलेजला करायचा आणि पैशांचा अंदाज आधी घेऊनच.

शाळेकडून लागणारे कागद ही आपल्याकडे वेगळी लढाई आहे. कॉमन अ‍ॅपला एक काउन्सेलर, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं आणि शाळेचा अहवाल लागतो. ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर नसतोच. प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना सप्टेंबरआधी भेटा, कॉलेजच्या अधिकृत मेल पत्त्यावरून काय पाठवायचं ते छापून न्या. बारावीचा अपेक्षित निकालही लेखी मागावा लागतो. आमच्या सरांनी असं पत्र पहिल्यांदाच लिहिलं, पण एकदा समजावल्यावर मनापासून लिहिलं.

सातवी पायरी: पैसे

खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च अनेक ठिकाणी ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. कोच "पन्नास टक्के देतो" म्हणाला तर विचारा, कशाचे? फीचे, की राहणं-जेवण धरून सगळ्याचे? किती वर्षांसाठी? फी वाढली तर टक्के तेच राहतात, की रक्कम? आरोग्य विमा कुणी भरायचा? उत्तर लेखी घ्या.

उत्पन्नावर आधारित मदतीसाठी भारतीय विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी कॉलेज बोर्ड या संस्थेचा सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा अर्ज, भरावा लागतो. फॅफ्सा हा अर्ज अमेरिकन सरकारी मदतीसाठी आहे, तो आपल्याला लागू नाही. प्रवेश ठरवताना परदेशी विद्यार्थ्याची पैशांची गरज बघत नाहीत अशी कॉलेजं थोडी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट, बोडन ही त्यातली. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितल्याने प्रवेश अवघड होतो. म्हणून कोचला पहिल्या-दुसऱ्या कॉलवरच सांगा की मदत लागेल आणि साधारण किती. आपल्याला पैशांचं बोलायला संकोच वाटतो, पण नोव्हेंबरमध्ये सांगण्यापेक्षा जूनमध्ये सांगितलेलं कोचलाही सोयीचं पडतं. अर्ली डिसिजनआधी एड ऑफिसकडून लेखी अंदाज मागता येतो, तो मागाच.

दोन गोष्टी फार उशिरा कळतात. स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर त्यातून साधारण १४ टक्के कापले जातात. आणि २०२१ पासून अमेरिकन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं, पण एफ-१ वरच्या मुलांना कामाच्या कडक मर्यादा आहेत. तिकडचे टीममेट करतात म्हणून शूज कंपनीची एखादी पोस्ट टाकण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारा. तिथे चूक झाली तर व्हिसा जातो.

आठवी पायरी: पात्रता केंद्र आणि व्हिसा

डिव्हिजन १ आणि २ साठी एनसीएए पात्रता केंद्रात शैक्षणिक आणि हौशीपणा अशा दोन्ही तपासण्या होतात. डिव्हिजन ३ मध्ये जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही हौशीपणाची तपासणी चुकत नाही. खातं अकरावीत उघडा.

हौशीपणा म्हणजे खेळाचा पगार घेतला का, एजंटशी करार केला का, बक्षिसाची रक्कम किती घेतली, हे सगळं. प्रत्येक स्पर्धेची तारीख, बक्षीस, प्रवास आणि प्रवेश फीच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. राज्य सरकारने किंवा पालिकेने सत्कारात दिलेला धनादेशसुद्धा लपवू नका, कागदासह दाखवा. खेळाडू कोट्यातली नोकरी किंवा लीगचा करार समोर आला असेल, तर सहीआधी केंद्राला विचारा.

बारावीनंतर वर्ष रिकामं ठेवून खेळत राहणं आपल्याकडे सर्रास आहे. बरीच वर्षं चालत आलेला डिव्हिजन १ चा नियम असा की बहुतेक खेळांत एक वर्षाची सवलत, टेनिसमध्ये फक्त सहा महिने. त्यापुढे स्पर्धा खेळलात तर कॉलेजातले हंगाम कापले जातात. पात्रतेचे नियम सध्या भराभर बदलत आहेत, त्यामुळे ड्रॉप घेण्याआधी केंद्राची त्या वर्षाची पुस्तिका बघाच. ऑगस्टमध्ये सुरू करणाऱ्यांनी १ एप्रिलनंतर खात्यात जाऊन अंतिम तपासणीची विनंती करायची असते. ते एक बटण दाबायचं राहिलं म्हणून सप्टेंबरमध्ये काठावर बसलेली मुलं असतात. बारावीचा निकाल लागला की तो लगेच केंद्राला आणि कॉलेजला, दोन्हीकडे.

त्यानंतर कॉलेज व्हिसासाठी लागणारं आय-२० हे प्रमाणपत्र पाठवतं, मग ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुलाखत. मुलाखतीत "मी पोहायला चाललेय" एवढं म्हणू नये. व्हिसा शिक्षणासाठी आहे. कोणता विषय, हेच कॉलेज का आणि पैसे कुठून, हे आधी. टीमसाठी निघण्याआधीच्या सहा महिन्यांतली वैद्यकीय तपासणी आणि सिकल सेलच्या चाचणीचा अहवाल लागतो. दोन्ही इथेच करून घ्या. टॉनिक, चूर्णं, प्रोटीनचे डबे बॅगेत भरण्याआधी टीमच्या ट्रेनरला दाखवा. बंदी असलेला घटक निघाला तर "माहीत नव्हतं" चालत नाही.

जागा पक्की झाली की ज्या ज्या कोचनी उत्तर दिलं होतं त्यांना दोन ओळींत कळवून टाका, म्हणजे त्यांची जागा दुसऱ्या कुणासाठी मोकळी होते. लेकीने असे नऊ मेल पाठवले. सर्वांत लांब मेल पहिल्या कोचला होता, ज्याच्या अ‍ॅडमिशन ऑफिसने नकार दिला होता. कारण त्या दुसऱ्या मेलच्या शेवटच्या ओळीत त्याने आणखी एका कॉलेजचं आणि तिथल्या कोचचं नाव लिहून दिलं होतं. आज ती तिथेच पोहते.